एक वर्ष दुसऱ्यांच्या घरात: एक्स्चेंज स्टुडंट व्हायचं असेल तर

निवडीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: का जायचंय? उत्तरंही बहुतेक ठरलेलीच येतात. जग बघायचंय, वेगळी संस्कृती अनुभवायचीय, आत्मविश्वास वाढवायचाय. गेली बरीच वर्षं मी या मुलाखती घेते आहे, आणि त्याआधी सोळाव्या वर्षी स्वतः दिलीही आहे. तेव्हा मीही ‘जग बघायचंय’ असंच म्हटलं होतं. प्रत्यक्षात वर्षभर जे पाहिलं त्यात जग थोडं आणि एका कुटुंबाचं स्वयंपाकघरच जास्त होतं. कोणता टॉवेल कोणाचा, कचरा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा, होस्ट बाबा गप्प असले म्हणजे रागावलेले असतात की नुसते दमलेले, अभ्यास झाला तो याचा.

त्यामुळे पुढे व्हिसा, विमा, फॉर्म हे सगळं येईलच, पण माझा भर घरावर राहणार. मी पाहिलेल्या मुलांपैकी ज्यांचं घराशी जमलं त्यांची शाळाही निभावली आणि भाषाही आली. उलटं फारसं घडलेलं आठवत नाही.

हे काय आहे आणि काय नाही

साधारण पंधरा ते अठरा-एकोणीस या वयात, काही आठवडे, एक सत्र किंवा पूर्ण शैक्षणिक वर्ष परदेशात राहायचं. हॉस्टेलवर नाही, एका कुटुंबात. जायचं तिथल्या साध्या शाळेत, तिथल्या मुलांच्याच वर्गात. एवढाच गाभा आहे.

ही कल्पना युद्धातून आली. एएफएस ही आजची मोठी देवाणघेवाण संस्था मुळात पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना रुग्णवाहिकेतून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच लोकांनी ठरवलं, की आता पोरांना एकमेकांच्या घरी राहायला पाठवायचं. १९४७ साली १० देशांतले ५२ विद्यार्थी अमेरिकेत आले. १९५१ मध्ये ७५ जर्मन मुलं मिशिगन राज्यातल्या कुटुंबांत राहायला गेली, त्यातून यूथ फॉर अंडरस्टँडिंग म्हणजे वायएफयू उभी राहिली. सहा वर्षांपूर्वी शत्रू असलेल्या देशातलं मूल आपल्या घरात झोपवायचं, हे त्या यजमानांनी कसं ठरवलं असेल याचा विचार मी अजूनही अधूनमधून करते.

आता ‘काय नाही’ ते. ही परदेशी पदवीची पहिली पायरी नव्हे. बहुतेक कार्यक्रमांत डिप्लोमा किंवा प्रमाणपत्र मिळेलच याची हमी कोणी देत नाही. परदेशात नोकरी करायची ही वाट नव्हे. अमेरिकेच्या जे-१ म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर आलेल्या शाळकरी विद्यार्थ्याला नोकरी करता येत नाही. शेजाऱ्यांचं मूल सांभाळणं, अंगणातलं गवत कापणं अशी तुरळक कामं चालतात. आणि पैसे भरून परदेशी शाळेत प्रवेश घेणं ही पुन्हा वेगळी गोष्ट. अमेरिकेत त्यासाठी एफ-१ व्हिसा लागतो; सरकारी हायस्कूलमध्ये त्यावर जास्तीत जास्त १२ महिने शिकता येतं आणि शाळेचा पूर्ण खर्च स्वतः भरावा लागतो. माहितीपत्रकं हे दोन प्रकार बिनधास्त एकाच पानावर छापतात, तेव्हा आपण कशाबद्दल बोलतोय हे आधी नीट विचारून घे.

वय आणि इयत्ता आधी मोज

‘शाळा पूर्ण होऊ दे, मग बघू’ असं म्हणून संधी घालवलेली मुलं मला दरवर्षी भेटतात. अमेरिकेचा नियम असा: कार्यक्रम सुरू होतो त्या दिवशी वय १५ वर्षं पूर्ण ते साडेअठरा वर्षं यांच्या दरम्यान हवं आणि बालवाडी सोडून ११ वर्षांपेक्षा जास्त शालेय शिक्षण झालेलं नको. म्हणजे बारावीची परीक्षा देऊन मोकळ्या मनाने जाऊ म्हटलं, तर हे दार बंद झालेलं असतं. शिवाय जे-१ किंवा एफ-१ वर अमेरिकेत आधी एक सत्र किंवा वर्ष शालेय शिक्षण घेतलेलं असेल तर पुन्हा या कार्यक्रमातून जाता येत नाही. रोटरीच्या दीर्घ कार्यक्रमासाठी वय १५ ते १९ धरतात, पण यजमान देशाची मर्यादा वेगळी असू शकते.

वय बसलं तर दुसरी मोजणी स्वतःची. चाचणी साधी आहे. आई-वडील सोबत नसताना नातेवाइकांकडे सलग दोन आठवडे राहून बघ. त्यांच्या वेळा, त्यांचं जेवण, आणि सारखं फोनवर घरी रडगाणं गायचं नाही. दोन आठवड्यांत तुला त्या घरातल्या लोकांबद्दल कुतूहल वाटायला लागलं तर अर्ज भर. परत कधी जातोय याचे दिवस मोजत बसायची वेळ आली, तर सहा-आठ आठवड्यांचा छोटा कार्यक्रम आधी कर. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक खरी गोष्ट. घरातल्या भांडणापासून, एखाद्या विषयापासून किंवा शाळेतल्या त्रासापासून लांब जायचं म्हणून जायचं असेल, तर ते आधी कोणा मोठ्या माणसाशी बोल. सामान आपण बॅगेतून नेतो, पण असलं सामान न भरताही सोबत येतं.

संस्था निवडताना

स्वतःच्या ओळखीने एखादं कुटुंब शोधलं, शाळेशी बोललं आणि गेलं, असं क्वचितच होतं. मध्ये संस्था लागते. जगभर पसरलेल्या संस्थांत एएफएस, वायएफयू आणि रोटरी ही नावं जुनी. या सगळ्या स्वयंसेवकांवर चालतात, पण रचना एकसारखी नाही.

रोटरीत स्थानिक क्लब विद्यार्थी पाठवतो आणि तिकडचा क्लब त्याला ठेवून घेतो. आई-वडील रोटरीचे सभासद असायलाच हवेत असं नाही. वर्षभरात सहसा एकापेक्षा जास्त कुटुंबांत राहावं लागतं, कधी दोन, कधी चारसुद्धा. शाळा आणि राहण्या-जेवणाची सोय यजमान बाजू करते, दरमहा थोडा हातखर्चही मिळतो. विमानभाडं, विमा, व्हिसा हे विद्यार्थ्याच्या घरचे बघतात. जाणारा तो ‘आउटबाउंड’, आलेला तो ‘इनबाउंड’, परतलेला तो ‘रिबाउंड’ अशी त्यांची बोली आहे. ब्लेझरवर वर्षभर पिना जमवत जायची प्रथाही आहे. शेवटी तो ब्लेझर इतका जड होतो की विमानात अंगात घालून न्यावा लागतो. एएफएस आणि वायएफयूमध्ये बहुधा एकच कुटुंब वर्षभर असतं आणि कार्यक्रमाची फी भरावी लागते, पण शिष्यवृत्त्याही असतात. फी बघून घाबरायच्या आधी शिष्यवृत्तीची अंतिम तारीख बघ, ती बऱ्याचदा नेहमीच्या अर्जापेक्षा आधी असते.

सरकारी पैशावर चाललेले कार्यक्रमही आहेत: १९८३ पासून अमेरिकी काँग्रेस आणि जर्मन संसद यांचा मिळून चाललेला कार्यक्रम, पूर्वीच्या सोव्हिएत देशांतल्या मुलांसाठी १९९२ साली सुरू झालेला फ्लेक्स, आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००२ मध्ये अमेरिकेने सुरू केलेला केनेडी-लुगर येस. यांत निवड झाली तर खर्च जवळजवळ सगळा सुटतो. स्पर्धा मात्र चांगलीच असते, आणि कोणत्या देशातले विद्यार्थी घेतात, कार्यक्रम त्या वर्षी चालू आहे का, हे त्या-त्या वर्षी तपासावं लागतं.

अमेरिकेत जायचं असेल तर सीएसआयईटी नावाची संस्था १९८४ पासून अशा कार्यक्रमांचे निकष ठरवते आणि त्यात बसणाऱ्यांची यादी काढते. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात.

संस्थेच्या माणसाला समोर बसवून विचारायचे प्रश्न मी आई-वडिलांना नेहमी देते. यजमान कुटुंबाला पैसे मिळतात का? (अमेरिकेच्या जे-१ कार्यक्रमात ते देता येत नाहीत, काही देशांत देतात आणि त्यात वाईट काही नाही, पण माहीत असलेलं बरं.) कुटुंबाच्या घरी कोण जाऊन बघतं? घर बदलावं लागलं तर साधारण किती दिवसांत बदलतात? मूल मध्येच परतलं तर पैशांचं काय? गेल्या वर्षी गेलेल्या दोन मुलांशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला जी संस्था आढेवेढे घेते, तिथून उठून यावं. तसंच, ठरावीक शहराची किंवा समुद्रकाठच्या घराची खात्री देणाऱ्या माणसापासून जपून. यजमान कुटुंबं कुठेही असतात, आणि बरीचशी तर लहान गावांत.

केव्हा सुरुवात करायची

निघायच्या वर्षभर आधी. उत्तर गोलार्धातल्या बऱ्याच देशांत शाळा ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होते, म्हणजे अर्ज आदल्या हिवाळ्याच्या सुमारास भरलेला हवा. जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं जानेवारीअखेर-फेब्रुवारीत. तुझ्या शाळेच्या वर्षाशी कोणत्या देशाचं वर्ष सगळ्यात कमी भांडेल, हे कागदावर दोन्ही वेळापत्रकं शेजारी-शेजारी ठेवून बघ.

आणि त्याच वेळी, म्हणजे अर्ज भरायच्याही आधी, तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेट. परत आल्यावर कोणत्या वर्गात बसवणार? बाहेरचे गुण धरणार का? समकक्षतेचा दाखला, म्हणजे तिथलं शिक्षण इथल्या इयत्तेइतकं धरल्याचा कागद, लागणार का, तो कोण देतं? हे उत्तर लेखी घ्यायचं. तोंडी ‘बघू, होऊन जाईल’ म्हणणारे मुख्याध्यापक वर्षभरात बदलून गेल्याचं मी दोनदा पाहिलंय. कधी कधी सरळ एक वर्ष मागे पडावं लागतं. ते मान्य करून जाणारी मुलं निवांत असतात. वर्ष वाचेल या आशेवर जाणारी तिथे बसून इथला अभ्यास करत राहतात आणि धड कुठलीच होत नाहीत.

यजमानांना लिहायचं पत्र

अर्जात पानंच्या पानं असतात: गुणपत्रकं, शिक्षकांची शिफारस, डॉक्टरांचा तपासणी अहवाल, लसींची नोंद, भाषेची चाचणी. त्यातलं बाकी सगळं संस्था वाचते. एक कागद मात्र अनोळखी माणसं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून वाचतात आणि ठरवतात, की हे मूल आपल्याकडे आणायचं का. तो कागद म्हणजे होस्ट फॅमिलीला लिहिलेलं पत्र. त्याला एक अख्खा महिना दे.

नेहमी येतं ते पत्र असं: ‘मी मेहनती, प्रामाणिक आणि जबाबदार आहे. मला वाचन, संगीत आणि प्रवासाची आवड आहे.’ हे वाचून डोळ्यांसमोर कोणीच उभं राहत नाही. त्याऐवजी एका मुलीने लिहिलेलं मला अजून आठवतं, साधारण असं होतं: ‘सकाळी उठल्यावर पहिली पंधरा मिनिटं मी कोणाशी बोलत नाही. राग नसतो, झोप असते. धाकट्या भावाला सायकल शिकवताना तो पडला नाही, मीच पडले आणि टाके मला पडले. घरात भांडी पुसून जागेवर लावायचं काम माझं आहे; ते मला आवडत नाही, पण मी ते करते.’ तिला तीन कुटुंबांनी मागितलं.

तपशील लिही. घरात कोण काय करतं, रविवारी काय चालतं, तुला कशाची भीती वाटते, तू कशावरून चिडून बसतोस किंवा बसतेस. शाळेत मिळालेल्या बक्षिसांची यादी नको, ती अर्जात दुसरीकडे आलेलीच असते. फोटोंमध्येही नटूनथटून काढलेला एखादाच पुरे. बाकीचे स्वयंपाकघरातले, मित्रांसोबतचे, आजीच्या शेजारी बसलेले.

खोटं लिहू नकोस, आणि मुख्य म्हणजे काही लपवू नकोस. मांजरांची ॲलर्जी, रात्री घ्यायची गोळी, मागे कधी मानसोपचार घेतले असतील तर ते, अमुक खात नाही, अमुक प्रार्थनेला जायचं असतं. आई-वडिलांना वाटतं, हे लिहिलं तर नाकारतील. लपवलं तर काय होतं ते सांगते: दुसऱ्या आठवड्यात मांजर मांडीवर येऊन बसतं, मुलाला श्वास घेता येत नाही, आणि ज्या कुटुंबाने हौसेने खोली रंगवली होती त्यांना मूल परत पाठवावं लागतं. मांसाहार करत नसशील तर तसं लिही, आणि सोबत हेही लिही, की त्या टेबलावर बसून दुसऱ्यांनी खाल्लेलं तुला चालेल का, स्वतःपुरतं काही करून घेता येतं का. यजमानांना धास्ती असते ती रोज दोन स्वयंपाक करावे लागण्याची.

मुलाखतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाठ करून येऊ नकोस, लगेच कळतं. ‘तू शेवटचं कधी चुकीचं ठरलास किंवा ठरलीस?’ असा प्रश्न मी विचारते. मला प्रसंगाशी देणंघेणं नसतं, तो सांगताना मूल दुसऱ्यावर ढकलतं का तेवढंच बघते. आणि आई-वडील आधी बोलायला लागले तर मी त्यांना चहाला पाठवते.

कागद

पासपोर्ट परतीच्या तारखेच्या पुढे किमान सहा महिने वैध असू दे. अमेरिकेसाठी संस्थेकडून डीएस-२०१९ हा फॉर्म येतो, मग सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकन नोंदणीची फी भरायची, मग व्हिसाची मुलाखत. जपानसाठी आधी तिकडून ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’ यावं लागतं. काही देश जन्मदाखला आणि पालकांचं संमतिपत्र अपॉस्टिल केलेलं, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का मारलेलं, मागतात. त्यात आठवडे जातात, म्हणून यादी हातात पडताच सुरुवात करायची. सगळ्या कागदांच्या प्रती तीन ठिकाणी: बॅगेत, घरी, आणि ईमेलमध्ये. मूळ पासपोर्ट तुझ्या ताब्यात, तुला माहीत असलेल्या जागी.

औषधांकडे लक्ष दे. आपल्याकडे चिठ्ठीवर सहज मिळणारं औषध दुसरीकडे गुन्हा ठरू शकतं. ॲम्फेटामाइन असलेली एकाग्रतेची औषधं जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. नेहमीचं औषध असेल तर संस्थेला लेखी विचार, औषधाचं व्यापारी नाव न देता त्यातला घटक लिही.

भाषा

व्याकरणाचं पुस्तक संपवून जायची गरज नाही. घरात लागणारी दोनशे वाक्यं तोंडात बसवून जा. ‘हे कुठे ठेवू?’, ‘मी मदत करू का?’, ‘पुन्हा एकदा सांगाल का, हळू?’, ‘मला कळलं नाही.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. न कळताच मान हलवायची सवय लागली की लोक समजतात कळलंय, आणि मग बस चुकते.

आणखी एक धक्का मनाशी धरून ठेव: शिकलेली भाषा आणि टेबलावरची भाषा एक नसते. जर्मन शिकून स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागात गेलेल्या मुलांना वर्गात शिक्षक समजतात, पण जेवताना घरचे काय बोलतात ते समजत नाही, कारण घरात स्विस जर्मन चालतं. पहिले दोन महिने डोकं दुखतं, संध्याकाळी आठलाच झोप येते. दिवसभर कान ताणून ऐकण्याची ती दमणूक असते. अशा वेळी खोलीत जाऊन आपल्या भाषेतले व्हिडिओ बघावेसे वाटतात. रोज अर्धा तास बघ हवं तर. तीन तास बघणाऱ्यांची भाषा नाताळपर्यंत जागची हलत नाही.

पहिली रात्र

रोटरीच्या मुलांना ‘फर्स्ट नाइट क्वेश्चन्स’ म्हणून प्रश्नांची एक लांबलचक यादी देतात. कोणत्याही संस्थेतून जा, ती कल्पना उचल. पहिल्या संध्याकाळी, दमलेलं असतानासुद्धा, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, यजमानांसोबत बसून एकेक विचारायचं. तुम्हाला काय हाक मारू, नावाने की आई-बाबा? सकाळी बाथरूम कोणाला किती वाजता लागतं, आणि किती वेळ अंघोळ केलेली चालते? मळके कपडे कुठे टाकायचे, धुवायचे कोणी? फ्रीजमधलं विचारल्याशिवाय काय घेऊ शकते, काय नाही? माझी रोजची कामं कोणती? खोलीचं दार बंद केलेलं चालतं का? वायफाय कधी बंद होतं? मित्रांना घरी आणायचं तर किती आधी सांगायचं? जेवणाच्या वेळी फोन? घराची किल्ली मिळेल का, आणि हरवली तर कोणाला सांगू?

खुळचट वाटतात हे प्रश्न. पण घरोघरी जी भांडणं होतात ती संस्कृतीवरून होत नाहीत, ती ओल्या टॉवेलवरून होतात. माझ्या यजमान घरी मी पहिले पाच आठवडे दार लावून बसत होते, कारण माझ्या समजुतीने ते सभ्यपणाचं होतं. त्यांना वाटत होतं, ही आपल्यावर नाराज आहे. होस्ट आईने शेवटी विचारलं तेव्हा दोघी रडलो. एका प्रश्नाचं काम होतं.

बाकी सोपं आहे. घरात मोठ्या खोलीत बसायचं, गृहपाठसुद्धा तिथेच करायचा. जेवणानंतर आपलं ताट उचलून निघून जायचं नाही, सगळ्यांची उचलायची. बाजारात जाताय? मी येते. कुत्र्याला फिरवताय? मी येतो. ‘नाही’ म्हणण्याच्या आधी तीन वेळा ‘हो’. पाहुण्यासारखी वागणूक पहिल्या आठवड्यापर्यंत गोड लागते. नंतर त्या घरातल्या मुलांना ती खुपायला लागते, आणि मुलांना खुपलं की घर फिरतं.

नियम, आणि ते इतके कडक का

रोटरीत चार ‘डी’ प्रसिद्ध आहेत: ड्रिंकिंग, ड्रग्ज, ड्रायव्हिंग, डेटिंग. दारू, अमली पदार्थ, गाडी चालवणं आणि प्रेमप्रकरण, चारही बंद. इतर संस्थांची यादी थोडी सैल असते, पण गाडी चालवण्याची बंदी जवळजवळ सगळीकडे आहे. तिथली मुलं सोळाव्या वर्षी गाडी चालवतात आणि तुला म्हणतील, एक चक्कर मार. नाही मारायची. अपघात झाला तर विम्यापासून व्हिसापर्यंत सगळं एकदम अंगावर येतं. पहिल्या तिघांमुळे मुलं घरी परत पाठवलेली मी पाहिलीत. चौथ्यामुळे पाठवताना कोणाला पाहिलेलं नाही, पण प्रेमात पडलेलं मूल त्या एका माणसापुरतं उरतं, बाकीचं गाव त्याला दिसत नाही.

घर आठवेल तेव्हा

कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये रिओ दी जानेरोतल्या एका भाषणात ‘कल्चर शॉक’ची, म्हणजे परक्या संस्कृतीत बसणाऱ्या धक्क्याची, चर्चा केली आणि तो शब्द रूढ झाला. पुढच्याच वर्षी स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या फुलब्राइट (अमेरिकन सरकारी शिष्यवृत्ती) विद्यावंतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं, की सहा महिन्यांच्या आत परतलेले खुशीत होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही. मधल्या काळात परतलेल्यांचं मात्र तितकंसं जमलेलं नव्हतं. इंग्रजी यू अक्षरासारखा हा आलेख तेव्हापासून प्रत्येक ओरिएंटेशनमध्ये, म्हणजे जाण्याआधीच्या तयारीच्या वर्गात, फळ्यावर काढतात. पुढे तो सगळ्यांना लागू पडत नाही असंही आढळलं. तरी मी तो काढते, कारण खड्ड्यात असलेल्या मुलाला खड्डा आधी चित्रात पाहिलेला असला तर बरं वाटतं.

उत्तरेच्या देशांत नोव्हेंबर-डिसेंबर कठीण जातो. दिवस लहान, नवलाई संपलेली, भाषा अर्धवट, आणि तिकडे घरी सणासुदीचे फोटो. अशा वेळी रोज शाळेनंतर काहीतरी हवं: एखादा संघ, वाद्यवृंद, नाटक, काहीही. खेळ येत नसेल तरी संघात नाव घाल, बाकावर बसूनही ओळखी होतात.

घरी फोन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. हे मी मुलांपेक्षा आई-वडिलांना जास्त सांगते. मूल रडत फोन करतं, मग मोकळं होऊन सायकल घेऊन बाहेर जातं. तुम्ही मात्र रात्रभर जागे. लगेच संस्थेला, यजमानांना फोन लावू नका. दोन दिवस थांबा, मग मुलालाच विचारा, ‘कोऑर्डिनेटरशी बोललास का?’ (कोऑर्डिनेटर म्हणजे तुमच्या मुलाकडे लक्ष ठेवणारा संस्थेचा तिथला माणूस.)

जमत नसेल तेव्हा

गैरसोय आणि धोका यांत फरक आहे. जेवण आवडत नाही, खोली लहान आहे, होस्ट भावंडं बोलत नाहीत, ही गैरसोय. त्याला सहा आठवडे द्यायचे, आणि त्या काळात बोलायचं. कोणी अंगाला नको तसा हात लावतं, खोलीत न विचारता येतं, जेवण बंद करतं, पासपोर्ट किंवा फोन काढून घेतं, दारू पिऊन अंगावर येतं, ‘हे कोणाला सांगू नकोस’ म्हणतं: हा धोका. त्याला सहा तासही द्यायचे नाहीत. त्या रात्रीच बाहेर पडून फोन लावायचा.

फोन कोणाला, ते निघायच्या आधी कागदावर लिहिलेलं हवं: लोकल कोऑर्डिनेटर, संस्थेचा चोवीस तास चालणारा नंबर, त्या देशाची आपत्कालीन सेवा, आपला दूतावास. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे कोऑर्डिनेटर तुझ्या घरापासून १२० मैलांच्या आत राहणारा हवा आणि महिन्यातून एकदा त्याने तुझ्याशी आणि कुटुंबाशीही संपर्क ठेवायला हवा; घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्हेगारी नोंद आधी तपासलेली असावी लागते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची विद्यार्थ्यांसाठी वेगळी हेल्पलाइनही आहे. कोऑर्डिनेटर महिना-महिना फिरकला नाही, तर ती संस्थेकडे तक्रार करण्याची गोष्ट आहे, समजून घेण्याची नाही.

घर बदललं म्हणजे तू नापास असं काही नाही. चांगली माणसं आणि चांगलं मूल यांचंही कधी कधी एका घरात जमत नाही. दुसऱ्या घरी गेल्यावर आधीच्या घराबद्दल गावभर बोलू नये एवढंच. गाव लहान असतं.

परतताना

शाळेचं गुणपत्रक, विषयांचा अभ्यासक्रम आणि हजेरीचा दाखला सही-शिक्क्यानिशी हातात घेऊनच निघ. सुट्टी लागली की शाळेच्या ऑफिसात ईमेलला उत्तर द्यायला कोणी नसतं, आणि इकडे प्रवेशाची तारीख टळते.

परत आल्यावर पुन्हा एक खड्डा येतो. गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्ये त्या यूला आणखी एक यू जोडून डब्ल्यू केला तो यासाठीच. मित्र पंधरा मिनिटं ऐकतात, मग त्यांच्या विषयांकडे वळतात. तोंडून भलत्या भाषेतला शब्द निघतो आणि लोकांना वाटतं शायनिंग मारतोय. नंतर जाणाऱ्या मुलांच्या ओरिएंटेशनला मदत करायला जा. तुझं बोलणं तासन्‌तास ऐकणारी माणसं तिथेच भेटतील.

आणि पहिल्या रात्रीची ती यादी आपल्या घरीही एकदा काढून बस. धाकटी बहीण वर्षभरात तुझ्या टेबलावर अभ्यास करायला लागलेली असते, कपाटाचा अर्धा भाग तिने घेतलेला असतो, आणि सकाळी बाथरूम आधी कोणाला लागतं याचा क्रमही बदललेला असतो.